जुन्या डायल-इन डब्यांची जोडी लॅबसाठी घ्यावी का? सांगलीतला आमचा आठ वर्षांचा अनुभव

गेल्या महिन्यात विश्रामबागच्या एका इंजिनिअरिंगच्या पोराने विचारलं, काका, जुन्या बाजारात सिस्कोचे एएस ५३०० (फोन लाईनवरून येणारे कॉल घेऊन नेटवर्कला जोडणारे डबे) दोन मिळतायत, शिकायला घेऊ का. फोनवर त्याला जे सांगितलं ते अर्धवटच राहिलं म्हणून इथे सविस्तर लिहितो. अशीच जोडी मी एका पतसंस्थेच्या सांगलीच्या हेड ऑफिसात २००२ पासून २०१० पर्यंत सांभाळलीय, ईडीपी म्हणजे कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघंच होतो, आणि तेवीस शाखांचं दिवसअखेरचं काम रोज संध्याकाळी या दोन डब्यांतून यायचं. विटा, तासगाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिराळा, इस्लामपूर, सगळीकडून.

आधी वस्तूबद्दल. दोन रॅक युनिट उंचीचा डबा, एकात चार ई-वन (एकावेळी तीस कॉल नेणारी टेलिफोन कंपनीची डिजिटल लाईन) लावता येतात म्हणजे १२० कॉल, आम्ही प्रत्येकात एकच लावली होती म्हणजे ३० अधिक ३०. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शाखा साध्या मोडेमवरून फोन करो नाहीतर आयएसडीएन या डिजिटल फोन लाईनवरून, नंबर एकच, डबा स्वतः ओळखतो की हा आवाजाचा कॉल आहे का डिजिटल आणि त्याप्रमाणे आतल्या मोडेमकडे देतो किंवा सरळ घेतो. जत आटपाडीला मोडेम होते, तिथून सेकंदाला ३३.६ किलोबिटच्या वर कधीच गेलं नाही. ५६के लिहिलेला मोडेम असला तरी ते ५६ फक्त हेड ऑफिसकडून शाखेकडे येणाऱ्या बाजूला असतं, शाखा पाठवते तेव्हा ३३.६ च. आमचं सगळं काम पाठवायचंच, त्यामुळे दुकानदार ५६के ५६के म्हणत होता त्याचा आम्हाला काडीचा उपयोग नव्हता, हे घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावं. विटा, मिरज आणि इस्लामपूरला आयएसडीएन होतं, दोन चॅनेल, ६४ अधिक ६४.

आता स्टॅक म्हणजे काय ते, म्हणजे दोन डबे मिळून एकच असल्यासारखे कसे चालतात. विट्याच्या राऊटरने दोन चॅनेल उचलले की दोन वेगळे कॉल येतात. पहिला कॉल डबा एक वर लागला आणि दुसरा डबा दोन वर, तर काय करायचं? मल्टीलिंकमध्ये (दोन लाईन मिळून एक करायची पद्धत) एकेक पॅकेट तुकडे करून दोन्ही लाईनवर पाठवतात, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक असतो, आणि पलीकडे कुणीतरी एकाने ते परत जुळवायचे असतात. तुकडे दोन डब्यांत विखुरले तर जुळवणार कोण. म्हणून दोन्ही डबे एका स्टॅक ग्रुपमध्ये घालायचे. दुसरा कॉल आला की डबा दोन एकला विचारतो की या शाखेचं बंडल (एकत्र जोडलेले कॉल) तुझ्याकडे आहे का, तिकडून हो आलं की तो आपल्याकडे आलेल्या फ्रेम (लाईनवरचे तुकडे) न उघडता तशाच लॅनवरून डबा एक कडे ढकलतो. जुळवणी तिथेच होते. या विचारपुशीला बोली म्हणतात, खरंच बोली लावतात, ज्याच्याकडे आधीपासून बंडल आहे तो जिंकतो, कुणाकडेच नसेल तर ज्याची बोली जास्त तो. बोलीची ठरलेली किंमत ५० असते, दोन्ही डबे सारखे असतील तर तिला हात लावायची गरज नाही.

कॉन्फिग करायला हे सोपं आहे, मनापासून सांगतो, लोक उगाच घाबरतात. दोन्ही डब्यांवर 'एसजीबीपी ग्रुप' (एसजीबीपी म्हणजे हीच बोलीची पद्धत) आणि एक नाव, तेच नाव दोन्हीकडे. मग 'एसजीबीपी मेंबर' म्हणून समोरच्या डब्याचं होस्टनेम आणि आयपी. मग त्या ग्रुपच्या नावाने एक 'युजरनेम' आणि पासवर्ड, तोही दोन्हीकडे सारखा, कारण डबे एकमेकांनाही ओळख विचारतात, कुणीही लॅनवर येऊन मी पण स्टॅकमधला म्हणून चालत नाही. मग 'मल्टीलिंक व्हर्च्युअल-टेम्प्लेट' (प्रत्येक बंडलसाठी ज्याची प्रत निघते तो साचा) आणि त्या टेम्प्लेटमध्ये 'आयपी अननंबर्ड इथरनेट', 'पीपीपी मल्टीलिंक' (पीपीपी म्हणजे फोन लाईनवर दोन राऊटर एकमेकांशी बोलतात ती पद्धत), ऑथेंटिकेशन म्हणजे ओळख तपासणी. टेम्प्लेटला स्वतःचा आयपी द्यायचा नाही, कारण त्याच्या कितीतरी प्रती निघतात आणि एकच आयपी सगळ्या प्रतींवर चालत नाही. मधे फायरवॉल असेल तर यूडीपी ९९०० (बोलीसाठी) आणि १७०१ (फ्रेम ढकलायला) उघडा. 'शो एसजीबीपी' मारलं आणि समोरचा मेंबर अ‍ॅक्टिव्ह दिसला की झालं. शाखांना द्यायचे आयपी पूल मात्र दोन्ही डब्यांवर वेगवेगळे ठेवा. आमचे पहिल्या दिवशी सारखेच होते, एकाच संध्याकाळी दोन शाखांना एकच आयपी गेला, आणि शिराळ्याचा प्रिंट आटपाडीच्या नावाने निघाला तेव्हा कळलं.

हे झालं स्टॅकचं. खरी मेख आहे ती दोन्ही बाजूंच्या ओळखीत, आणि ती स्टॅकसोबत आली की भलेभले चुकतात. या भागात जरा वेळ घालवतो कारण आमचं नुकसान होता होता राहिलं ते इथेच.

चॅप, म्हणजे पीपीपीतली ओळख पटवायची पद्धत, कसं चालतं ते थोडक्यात. पासवर्ड लाईनवर जात नाही. विचारणारा एक यादृच्छिक आकडा आणि स्वतःचं नाव पाठवतो, उत्तर देणारा ते नाव आपल्या यादीत शोधतो, त्या नावासमोरचा पासवर्ड आणि तो आकडा मिळून एमडी५ (ज्यावरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही असा ठसा) काढतो आणि तेवढंच परत पाठवतो. विचारणाराही तेच गणित स्वतः करून बघतो, जुळलं की आत. १९९६ च्या आरएफसी १९९४ या इंटरनेटच्या नियमपत्रात हे सगळं आहे. आता हे एका बाजूने करायचं का दोन्ही बाजूंनी, हा प्रश्न. एका बाजूने म्हणजे हेड ऑफिस शाखेला विचारतं तू कोण, शाखा मात्र काहीच विचारत नाही. पतसंस्थेतल्या लोकांना मी पिग्मीचं उदाहरण द्यायचो. पिग्मी एजंट दारात आला की खातेदार त्याचं ओळखपत्र बघतो आणि एजंट पासबुकावरचं नाव बघतो. खातेदाराने ओळखपत्र बघायचं सोडून दिलं तर कुणीही दारात येऊन पावती फाडून पैसे नेईल. फोन लाईनवर तर समोरचा दिसतही नाही, शाखेने हेड ऑफिसचा नंबर फिरवला म्हणजे हेड ऑफिसनेच उचलला असं धरायला काही आधार नाही. नंबर चुकीचा भरलेला असू शकतो, कुणी फॉरवर्डिंग लावलेलं असू शकतं, खांबावर कुणी लाईन वळवलेली असू शकते.

आम्ही सुरुवातीलाच इंटिग्रेटरला (हे सगळं बसवून देणारी कंपनी) सांगितलं होतं की दोन्ही बाजूंनी ओळख पाहिजे, कामाच्या कागदावर तसं लिहिलंही होतं. त्यांनी लावलं, दाखवलं, आम्ही सही केली. तेव्हा डबा एकच चालू होता. महिनाभराने दुसरा आला, स्टॅक केला आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. विट्याचा क्लार्क म्हणायचा साहेब, परत तेच, एकदा लागतोय एकदा तुटतोय. मी म्हणायचो मगाशी तर लागला होता की. तो म्हणायचा लागला होता, आता बघा. एक्स्चेंजने कॉल आळीपाळीने दोन्ही ई-वनवर वाटायला लावले होते, त्यामुळे बरोबर एकाआड एक कॉल तुटत होता, आणि आयएसडीएनच्या शाखांना १२८ ऐवजी ६४ च मिळत होतं कारण दुसरा चॅनेल उभाच राहत नव्हता.

कारण आता सांगायला दोन ओळींचं आहे. शाखेच्या राऊटरच्या यादीत हेड ऑफिसचं एकच नाव होतं, पहिल्या डब्याचं होस्टनेम. दुसरा डबा आपल्या नावाने आकडा पाठवायचा, शाखा यादीत ते नाव शोधायची, सापडायचं नाही, कॉल तुटायचा. म्हणजे शाखा आपलं काम चोख करत होती, अनोळखी नावावर विश्वास ठेवत नव्हती!

इंटिग्रेटरचा माणूस आला, अर्धा दिवस बसला, आणि सगळं चालू करून गेला. सगळ्या शाखा खूश, आम्ही खूश, बिल पास. त्याने काय केलं होतं ते मला चार महिन्यांनी कळलं. त्याने सगळ्या शाखांच्या राऊटरमधली 'पीपीपी ऑथेंटिकेशन' ची ओळच काढून टाकली होती, आणि उत्तर द्यायला इंटरफेसवर एक सामायिक पासवर्ड ठेवून दिला होता. म्हणजे शाखांनी विचारायचंच बंद केलं. कॉल तुटणार कशाला. आम्हाला सांगितलं नाही, कागदावर काही नाही, कामाच्या कागदावर दोन्ही बाजूंची ओळख तशीच लिहिलेली. राग त्याच्या कमी माहितीचा नाही, ती कुणालाही कमी असते, पण कुलूप अडकतंय म्हणून कुलूपच काढून ठेवलं आणि घरमालकाला बोलला नाही, याचा राग अजून आहे.

मला कळलं ते असं. इस्लामपूरची लाईन खराब होती म्हणून मी 'डीबग पीपीपी ऑथेंटिकेशन' लावून बसलो होतो. दोन्ही बाजूंची ओळख चालू असेल तर तिथे दोन चॅलेंज (ओळख विचारणारे ते आकडे) दिसायला हवेत, एक बाहेर जाणारा आणि एक आत येणारा, आणि दोन सक्सेस. मला एकच दिसत होता. दुसरी शाखा बघितली, तिथेही एकच. मग मिरजेच्या शाखेतल्या एका सुट्या लाईनवर मी जुना राऊटर लावला, नाव भलतंच दिलं, पासवर्ड एकही भरला नाही आणि ऑथेंटिकेशन बंद ठेवलं. तासगावच्या राऊटरला हेड ऑफिसऐवजी तो नंबर फिरवायला लावला. जोडला गेला, आयपी घेतला, काही तक्रार नाही. त्या राऊटरमागे आमच्या लॉगिनसारखा दिसणारा स्क्रीन ठेवला असता तर क्लार्कने आपला पासवर्ड तिथे टाकलाच असता, त्याचा काय दोष. त्या रात्री मी सांगलीला परत येताना एसटीत बसून नुसता हिशोब करत होतो की चार महिने तेवीस शाखा अशा उघड्या होत्या.

दुरुस्ती आम्ही दोघांनीच केली, आणि जो कुणी ही जोडी घेईल त्याने हेच करावं म्हणून नीट लिहितो. पहिल्यांदा आम्हाला वाटलं दोन्ही डब्यांचं होस्टनेम एकच ठेवूया म्हणजे शाखेला एकच नाव दिसेल. तसं केल्याबरोबर स्टॅक मोडला, कारण स्टॅकमध्ये मेंबर नावानेच ओळखले जातात आणि दोघांचं नाव एकच म्हणजे समोरचा कोण तेच कळेना. होस्टनेम वेगळीच ठेवायची. त्याऐवजी 'पीपीपी चॅप होस्टनेम' म्हणून एक ओळ आहे, ती फक्त चॅपच्या वेळी सांगायचं नाव बदलते. दोन्ही डब्यांवर एकच नाव दिलं, म्हणजे शाखेच्या दृष्टीने कॉल कुठेही लागो, समोर एकच हेड ऑफिस. ही ओळ जिथे कॉल येतो त्या इंटरफेसवर, आमच्याकडे ई-वनच्या डी चॅनेलवर (कॉल लावण्या-तोडण्याचे इशारे नेणारा चॅनेल) म्हणजे सिरीयल शून्य कोलन पंधरावर, मोडेमच्या ग्रुप-असिंकवर, आणि व्हर्च्युअल टेम्प्लेटवरही घाला. एक जागा राहिली की परत एकाआड एक सुरू होतं आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसता.

मग शाखांच्या राऊटरवर ते एकच नाव आणि पासवर्ड, आणि 'पीपीपी ऑथेंटिकेशन चॅप' परत. शेवटी 'कॉलइन' हा शब्द चुकूनही लावू नका, तो लावला की फक्त आत येणाऱ्या कॉलची ओळख विचारली जाते, शाखा स्वतः कॉल करते त्यामुळे ती विचारतच नाही. एवढासा शब्द, पण दिसायला सगळं बरोबर दिसतं आणि ओळख एकतर्फी होते.

पासवर्ड प्रत्येक शाखेला वेगळा ठेवा. आधी आमच्याकडे तेवीस शाखांना एकच होता, जतच्या राऊटरचं कॉन्फिग हातात पडलं की सगळ्या शाखा हातात. चॅपला मूळ पासवर्ड लागतोच, त्यामुळे तो राऊटरमध्ये उलगडता येईल अशाच रूपात पडलेला असतो, वरून गिचमिड दिसला तरी. कॉन्फिगचा प्रिंट काढून फाईलला लावायची सवय आमच्याकडे होती ती त्या दिवशी बंद केली आणि पासवर्डची वही तिजोरीत गेली. शाखांची यादी दोन्ही डब्यांवर सारखी ठेवावी लागते, एकावर बदल केला आणि दुसऱ्यावर विसरला की त्या शाखेचं परत एकाआड एक. आम्ही नियमच केला, बदल दोघांनी मिळून करायचा, एकजण टाइप करणार दुसरा वाचणार.

अजून एक बारकी गोष्ट. दोन्ही दिशांना पासवर्ड एकच असेल तर एक जुनी युक्ती चालू शकते. खोटा माणूस शाखेने विचारलेलाच आकडा परत शाखेला विचारतो, तिच्याकडून उत्तर काढून घेतो आणि तेच उत्तर तिला देतो. आरएफसीतही दोन दिशांना वेगळे पासवर्ड ठेवा असं म्हटलंय. या राऊटरांवर त्याची सोय आधीपासून आहे, 'पीपीपी चॅप वेट' मुळातच चालू असतं, म्हणजे कॉल करणारा आधी समोरच्याकडून ओळख पटवून घेतो आणि मगच स्वतःची देतो. कुणी वेग वाढवायला म्हणून ते बंद करायला सांगितलं तर करू नका, त्याने काहीही वेग वाढत नाही.

त्यानंतर जोडीने मला कधी त्रास दिला नाही. २००५ च्या पुरात सांगलीत पाणी चढायला लागलं तेव्हा तळमजल्यावरचा डबा आम्ही बंद करून ऑफिसच्या शिपाईमामांनी आणि मी उचलून जिन्यावर नेला. दुसरा पहिल्या मजल्यावर होता कारण खालच्या रॅकमध्ये जागा उरली नव्हती आणि स्टॅकला फक्त लॅन लागते, शेजारी शेजारी असायला लागत नाही. ज्या शाखांचं बंडल खालच्या डब्यावर होतं त्यांचे कॉल तुटले, त्यांनी परत फिरवले, वरच्यावर लागले. शाखांमध्ये काहीही बदलायला लागलं नाही, नाव तेच, पासवर्ड तेच. ज्या शाखांचे फोन जिवंत होते त्यांचं दिवसअखेर त्या आठवड्यातही आलं. वर तीसच कॉल बसत होते पण तेवढ्यात भागलं.

आता घ्यावी का. शिकायला घेणार असाल तर माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कमी एवढ्यासाठी की ही रॅकमधली वस्तू आहे, फॅनचा आवाज आहे, खोलीत ठेवून रात्री झोप लागायची नाही, आणि कॉल आत आणायला ई-वन लागते. लॅबमध्ये त्यासाठी एखाद्या पीसीत ई-वनचं कार्ड घालून अ‍ॅस्टेरिस्क लावा, तो एक्स्चेंजचं काम करतो, स्विच टाइप 'प्रायमरी-नेट५' ठेवा. विकणाऱ्याकडे जाऊन चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. निळी कन्सोल केबल सोबत न्या, ९६०० वर जोडा, 'शो व्हर्जन' आणि 'शो मोडेम' बघा, किती मोडेम बाद दाखवतोय ते तिथेच कळतं. फ्लॅशमधलं सॉफ्टवेअर मल्टीचॅसिस मल्टीलिंक (म्हणजे हाच स्टॅक) घेतंय का तेही 'एसजीबीपी' आणि प्रश्नचिन्ह टाइप करून लगेच कळतं.

खऱ्या कामासाठी मात्र आज घेऊ नका. डब्यांत दोष आहे असं नाही. चॅपचं एमडी५ आता जुनं झालंय, आणि स्टॅकमधल्या फ्रेम लॅनवरून उघड्याच जातात, त्यावर आज पैशाचे व्यवहार चालवू नयेत. पण शिकायला याच्यापेक्षा चांगलं मला दिसत नाही, कारण घरातल्या ब्रॉडबँडला पीपीपीओई असेल तर आत हेच पीपीपी आहे, तोच चॅप किंवा पॅप (पासवर्ड सरळ पाठवणारी पद्धत), आणि तिथेही बहुतेक वेळा फक्त कंपनी ग्राहकाला ओळखते, ग्राहकाचा राऊटर कंपनीला काही विचारत नाही. डीबग लावून दोन चॅलेंज शोधायची सवय एकदा लागली की मग कुठलंही नवीन काम हातात आलं तरी तुम्ही आधी तेच बघता.

त्या पोराला मी म्हटलंय, घेतलेस की रविवारी घेऊन ये, स्टॅक आपण लावू. माझ्याकडची जुनी कॉन्फिगची फाईल पासवर्ड खोडून त्याला द्यायचीय, त्यात चॅप होस्टनेमच्या ओळीसमोर मी तेव्हा लाल पेनाने तारीख टाकून ठेवलेली आहे.